मोजपट्टी आधी, मोजणी मग



इथे मी एरवी लष्करमधले जुने वाडे, बाड्यावरची दुकानं आणि बँकेतले किस्से लिहितो. आज विषय निराळा आहे, मतमोजणीचा. जरा लांबेल, पण शेवटी तो आपल्याच मराठी घरांपाशी येतो, तेव्हा धीर धरून वाचा.

मोजणीच्या भांडणांचे दोन प्रकार असतात. एक सरळ लबाडीचा. पेटी पळवली, आकडा फिरवला. त्यात चर्चा कसली करायची, गुन्हा तो गुन्हा. दुसरा प्रकार जास्त अवघड, कारण त्यात चोर कुणीच नसतो. मतपत्रिका समोर टेबलावर आहे, खरी आहे, मतदारानेच दिलेली आहे, फक्त खूण जरा इकडे-तिकडे झाली आहे. एक म्हणतो मत धरा, दुसरा म्हणतो बाद करा. दोघांकडेही तत्त्व असतं. आणि ज्याला ते मत हवं असतं त्याचं तत्त्व नेमकं उदार निघतं, ज्याला नको असतं त्याचं कडक. पंचाहत्तरीला आलो, याला अपवाद फार थोडे पाहिले.

या दुसऱ्या प्रकाराचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे अमेरिकेची 2000 सालची अध्यक्षीय निवडणूक. जॉर्ज बुश विरुद्ध अल गोर. मतदान 7 नोव्हेंबरला झालं. आमच्याकडे दिवाळी नुकतीच आटोपली होती, आठवडाभर आधी मध्य प्रदेशातून छत्तीसगड वेगळं झालं होतं, बँकेत त्याचीच चर्चा. माझा भाचा त्या वर्षी फ्लोरिडात नोकरीला होता. त्याला काही तिथे मत नव्हतं, पण रविवारी फोन आला की हाच विषय. म्हणाला, "मामा, इथे न्यायाधीश भिंग लावून मतपत्रिकेची भोकं बघतायत, तुम्ही टीव्हीवर पाहिलंत का?" मला वाटलं चेष्टा करतोय. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटोच आला. ब्रॉवर्ड नावाच्या काउंटीचे न्यायाधीश रॉबर्ट रोझेनबर्ग, चष्मा वर, डोळे वटारलेले, हातात भिंग आणि भिंगाखाली कार्ड.

प्रकार असा होता. फ्लोरिडाच्या बऱ्याच भागात तेव्हा पंच-कार्डावर मतदान व्हायचं. पूर्वी रेल्वेचा टीसी तिकिटाला चिमटा मारायचा ना, साधारण तसं. उमेदवाराच्या समोरच्या चौकोनात सळई टोचायची, कागदाचा बारीकसा तुकडा खाली पडतो, भोक पडतं, यंत्र ते भोक मोजतं. त्या तुकड्याला तिकडे चॅड म्हणतात. आता हात थरथरला, यंत्रात आधीचेच तुकडे साचलेले असले, तर तो तुकडा पूर्ण पडत नाही. एका कोपऱ्याला लोंबकळत राहतो, दोन कोपऱ्यांना झुलतो, किंवा चारही कोपरे शाबूत आणि मध्ये नुसती खळी. प्रत्येक प्रकाराला नाव पडलं. फुगलेल्याला तर चक्क गरोदर म्हणत. यंत्राला यातलं बरंच काही दिसत नाही. ते म्हणतं, मत दिलंच नाही.

साठ लाखांच्या आसपास मतं पडलेली, आणि पहिल्या मोजणीत बुश फक्त 1,784 मतांनी पुढे. एवढा कमी फरक असला की तिथल्या कायद्याप्रमाणे यंत्रावर फेरमोजणी आपोआप होते. ती झाली, फरक आणखी कमी झाला. मग गोरच्या बाजूने चार काउंट्यांत हाताने मोजणी मागितली: व्होलुशिया, पाम बीच, ब्रॉवर्ड आणि मायामी-डेड. चारही त्यांना बऱ्या मानवणाऱ्या. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

हाताने मोजायचं म्हणजे माणसाने ठरवायचं. कशावरून ठरवायचं? फ्लोरिडाच्या कायद्यात एवढंच होतं की मतदाराचा हेतू स्पष्ट दिसला पाहिजे. वाक्य चांगलं आहे. माणसाने सही केली तरी नाकारावीशी वाटणार नाही. पण त्याने मोजता येत नाही. खळी म्हणजे हेतू स्पष्ट? दोन कोपरे सुटले तर? पाम बीचमध्ये 1990 सालचा एक जुना नियम होता की तुकडा पूर्ण चिकटलेला असेल तर मत धरायचं नाही. मोजणी त्या नियमाने सुरू झाली. मग ठरलं, कार्ड उजेडात धरून भोकातून जरासा प्रकाश दिसला तरी मत धरा. मग परत जुन्या नियमावर आले. मग ठाम नियमच सोडून दिला. मग कोर्टाने सांगितलं की खळीचाही विचार करा. शेजारच्या ब्रॉवर्डमध्ये पट्टी आणखी सैल होती, तिथे पाम बीचच्या जवळजवळ तिप्पट नवी मतं निघाली. मायामी-डेडमध्ये तर एकाच मंडळाचे तीन सदस्य तीन निरनिराळ्या कसोट्या लावत होते, अशी साक्ष कोर्टात झाली. हे सगळं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात लिहिलेलं आहे, मी पदरचं घालत नाही.

आता पक्षांचं बघा. रिपब्लिकन म्हणाले, हेतू-बितू काही नाही, यंत्राने मोजलं तेच मत, नियम म्हणजे नियम. पण ज्या बुशसाहेबांसाठी हे चाललं होतं, त्यांनीच टेक्सासचे गव्हर्नर असताना 1997 साली असा कायदा सही केला होता की हाताच्या मोजणीत खळीसुद्धा मतदाराचा हेतू दाखवत असेल तर धरावी. डेमोक्रॅट्सनी ते नाचवलं. नाचवायलाच हवं होतं. पण त्याच सुमारास परदेशातून टपालाने आलेली मतं उघडली. त्यात सैनिकांची बरीच. कित्येक पाकिटांवर टपालाचा शिक्का नाही, कायद्याने तो हवा. इथे डेमोक्रॅट्सचे वकील म्हणू लागले, नियम म्हणजे नियम, बाद करा. आणि रिपब्लिकन म्हणू लागले, अहो, सीमेवरच्या जवानाचा हेतू बघा, कागदपत्रं काय बघता! एका आठवड्याच्या आत दोन्ही पक्षांनी एकमेकांची भाषणं अदलाबदल करून घेतली. शेवटी गोर यांच्याच जोडीचे उपाध्यक्षपदाचे उमेदवार लिबरमन टीव्हीवर म्हणाले की सैनिकांच्या मतांना संशयाचा फायदा द्यावा. पुढच्या वर्षी न्यूयॉर्क टाइम्सने ती 2,490 मतं तपासली तेव्हा 680 सदोष निघाली, तरी मोजली गेलेली.

त्यात वर मोजणी प्रमाणित करणाऱ्या फ्लोरिडाच्या सेक्रेटरी ऑफ स्टेट कॅथरीन हॅरिस या बुश यांच्या तिथल्या प्रचाराच्या सहअध्यक्ष. राज्याचे गव्हर्नर बुश यांचे सख्खे भाऊ. आणि राज्याचे अ‍ॅटर्नी जनरल गोर यांच्या प्रचाराचे तिथले प्रमुख. आपल्याकडे कलेक्टरसाहेबांना कितीही शिव्या घाला, निदान ते कुठल्या पक्षाच्या प्रचारसमितीवर नसतात.

26 नोव्हेंबरला हॅरिसबाईंनी 537 मतांनी बुश विजयी म्हणून सही केली. 8 डिसेंबरला फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीनने सांगितलं, राज्यभर यंत्राने न वाचलेली मतं हाताने मोजा. दुसऱ्याच दिवशी वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चारने ती थांबवली, आणि 12 डिसेंबरला निकाल दिला. नऊपैकी सात न्यायाधीशांना हे मान्य होतं की काउंटीगणिक वेगळी पट्टी लावणं मतदारांवर अन्याय आहे. पण मग एक पट्टी ठरवून मोजा म्हणायचं, तर पाच जण म्हणाले आता वेळ उरला नाही. शिवाय हेही लिहून टाकलं की हा विचार फक्त या प्रकरणापुरता. मी कायद्याचा माणूस नाही, बी.कॉम. आहे. पण डॉक्टरने रोग बरोबर ओळखावा, औषधही त्यालाच ठाऊक असावं, आणि मग म्हणावं दवाखाना बंद व्हायची वेळ झाली, तसं मला ते वाटलं आणि आजही वाटतं. तीन दिवसांपूर्वी मोजणी थांबवली कुणी, तर त्याच पाच जणांनी.

पण माझा मुद्दा न्यायाधीशांचा नाही. खरी मजा नंतर आहे. 2001 साली वर्तमानपत्रांनी त्या मतपत्रिका स्वतः तपासून घेतल्या. मायामी हेरल्ड आणि यूएसए टुडेने यंत्राने न वाचलेली कार्डं बघितली. निघालं काय? गोर ज्यासाठी भांडत होते ती सगळ्यात सैल पट्टी लावली असती, तर बुश 1,665 मतांनी जिंकले असते. आणि बुश ज्यासाठी भांडत होते ती सगळ्यात कडक, स्वच्छ भोकाचीच पट्टी लावली असती, तर गोर तीन मतांनी पुढे राहिले असते. तीन! पुढे अनेक वृत्तसंस्थांनी मिळून एका संशोधन संस्थेकडून 1 लाख 75 हजार कार्डं तपासून घेतली. त्यात दिसलं की गोर यांनी मागितलेल्या चार काउंट्यांची मोजणी पूर्ण झाली असती तरी बुशच जिंकले असते. पण राज्यभरची सगळीच बाद कार्डं धरली असती, म्हणजे एकाच कार्डावर दोनदा खूण झालेलीसुद्धा, तर कुठलीही पट्टी लावा, गोर 60 ते 171 मतांनी पुढे. आता ही दोनदा खूण झालेली कार्डं म्हणजे काय, तर कित्येक भाबड्या लोकांनी गोरच्या नावासमोर टोचलं आणि खाली नाव लिहायची जागा दिसली म्हणून तिथे परत गोरच लिहिलं. यंत्राने दोन मतं समजून बाद केलं. याहून हेतू स्पष्ट कुठे असतो? आणि ती मोजा असं गोर यांच्या वकिलांनी मागितलंच नव्हतं.

म्हणजे छत्तीस दिवस दोन्ही बाजूंनी जिवाच्या आकांताने आपापल्या फायद्याची म्हणून जी पट्टी धरून ठेवली, ती त्यांच्या फायद्याची होती की नाही हेसुद्धा त्यांना माहीत नव्हतं.

मला हे वाचून बँकेतल्या फाटक्या नोटा आठवल्या. काउंटरवर रोज कुणीतरी उंदराने कुरतडलेली, इस्त्रीखाली जळालेली नोट घेऊन यायचं. "साहेब, बघा ना, नंबर दिसतोय." भांडण व्हायचं का? किरकोळ. कारण रिझर्व्ह बँकेचा नियम छापील होता. दहा-वीसच्या नोटेचा अर्ध्याहून मोठा तुकडा असेल तर पूर्ण पैसे, नसेल तर काही नाही. मोठ्या नोटांना पूर्ण, निम्मे आणि शून्य अशा पायऱ्या. पट्टी लावायची, मोजायचं. समोर उभा आहे तो मिलचा कामगार आहे की सरदारांच्या घरातला, पट्टीला त्याचं काय? चेकचंही तसंच. अक्षरात एक रक्कम, आकड्यात दुसरी, तर अक्षरातली खरी, हे 1881 च्या कायद्यात लिहून ठेवलंय. कायदा करणाऱ्याला तुमचा चेक माहीत नव्हता, माझा माहीत नव्हता, म्हणून तो नियम कुणाला खुपत नाही. हाच नियम चेक समोर आल्यावर करायला बसलो असतो तर देणारा आकडे धरून बसला असता आणि घेणारा अक्षरं.

आपल्या देशात कागदी मतपत्रिकांच्या काळात आम्हा बँकवाल्यांना मोजणीच्या ड्यूटीवर बोलावत. मीही दोन-तीनदा गेलो आहे. पन्नास-पन्नासच्या गड्ड्या बांधायच्या, नोटांची सवय असल्याने आमचे हात मास्तरांपेक्षा भरभर चालत. 1961 चे नियम आम्हाला वाचून दाखवत. तेव्हा ते कटकटीचे वाटायचे. फ्लोरिडाची कथा कळल्यावर त्यांचं मोल समजलं. त्यात स्पष्ट आहे, मतदार ओळखता येईल अशी खूण असेल तर बाद. दोघांना मत असेल तर बाद. दिलेल्या शिक्क्याऐवजी दुसऱ्याच कशाने खूण केली तर बाद. पण ठसा पुसट आहे किंवा एकाच नावावर दोनदा उठला आहे, एवढ्यावरून बाद करायचं नाही, हेतू दिसला पाहिजे. म्हणजे तत्त्व फ्लोरिडाचंच, पण त्याला पट्टी जोडलेली. बाद करण्याआधी उमेदवारांच्या प्रतिनिधींना मतपत्रिका दाखवायची आणि तिच्यावर बाद का केली ते लिहायचं. आम्ही चेक परत पाठवताना कारणाची चिठ्ठी लावायचो, अगदी तसं.

आणि तो स्वस्तिकासारखा फुलीचा शिक्का आठवतोय? तो देवाधर्मासाठी नव्हता. कागद घडी केला की ओली शाई समोरच्या नावावर उमटायची. साधा गोल असता तर खरा ठसा कुठला आणि उमटलेला कुठला कळलं नसतं. या शिक्क्याचे हात उमटताना उलटे वळतात, मग खरं मत ओळखता येतं. ज्याने हे सुचवलं त्याने आधीच ताडलं होतं की उद्या यावर भांडण होणार.

याचा अर्थ आपल्याकडे सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही. 2018 ला आमच्या ग्वाल्हेर दक्षिणची जागा 121 मतांनी गेली-आली, 2023 ला शाजापूरची 28 मतांनी. 2024 ला वायव्य मुंबईची लोकसभा 48 मतांनी, आणि तिथे वाद पुन्हा बाद झालेल्या टपाली मतांवर. गुजरातेत धोळक्याला 2017 साली 327 मतांचा फरक आणि बाद केलेली टपाली मतं 429. उच्च न्यायालयाने 2020 मध्ये ती निवडणूकच रद्द ठरवली, सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. बडोद्याची मंडळी इथे आहेत, त्यांना जास्त ठाऊक असेल.

पण एक फरक बघा. नियम लिहिलेला असला की तत्त्व फिरवणं जड जातं. राज्यसभेच्या मतदानात आमदाराने मतपत्रिका फक्त आपल्या पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवायची, दुसऱ्याला दाखवली की मत बाद. 2016 ला हरियाणात काँग्रेसच्या रणदीप सुरजेवालांचं मत दुसऱ्याला दाखवल्याबद्दल बाद झालं. पुढच्याच वर्षी अहमद पटेलांच्या निवडणुकीत काँग्रेसच्याच दोन फुटीर आमदारांनी मतपत्रिका भलत्याला दाखवल्या, आणि आता तोच नियम घेऊन काँग्रेसचे लोक आयोगाच्या दारात. दोन्ही पक्षांचे बडे नेते आळीपाळीने आयोगाकडे जात-येत होते. मध्यरात्र झाली. आयोगाने चित्रफीत बघून ती दोन मतं बाद केली, निवडून यायला लागणारी संख्या त्यामुळे 44 वर आली, आणि पटेलांना पडलेली मतं बरोबर 44. 2022 ला महाराष्ट्रात सुहास कांदेंचं मत बाद झालं ते याच नियमाच्या वादात. तेव्हा पक्षांच्या जागा बदललेल्या होत्या, नियम होता तिथेच होता. आरडाओरडा झाला, पण पट्टी बदला असं कुणाला म्हणता आलं नाही.

चंदीगडच्या महापौर निवडणुकीतही, जानेवारी 2024, पीठासीन अधिकाऱ्याने आठ मतं बाद केली. तो प्रकार कॅमेऱ्यात दिसला. सर्वोच्च न्यायालयाने मतपत्रिका मागवल्या, पाहिल्या, आणि ती आठही मतं वैध धरून निकाल फिरवला. खूण कुणी आणि कुठे केली हे तपासायला लेखी कसोटी होती म्हणून तीन आठवड्यांत निकाल लागला. ती नसती तर तिथेही भिंगं आली असती.

आता आपल्या घरचं सांगतो. संस्थेचं नाव सांगत नाही, शहराचंही नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल, त्यांनी खाली नाव लिहू नये ही विनंती. एका गावात आपली जुनी मराठी संस्था आहे. वाचनालय, सभागृह, गणेशोत्सव, हळदीकुंकू, सगळं. काही वर्षांपूर्वी कार्यकारिणीची निवडणूक झाली. मतपत्रिकेवर छापलं होतं, "पसंतीच्या नावापुढे खूण करावी." कसली खूण, ते नाही. कुणी फुली मारली. आता फुली म्हणजे पसंत की नापसंत? शाळेत मास्तर फुली मारायचे ती चुकीला! कुणी बरोबरची खूण केली. एकांनी "हो" लिहिलं. ऐंशी वर्षांच्या एका काकूंनी खाली नीट मराठीत सही केली, कारण आयुष्यभर कागद हातात आला की सही करायची एवढंच त्यांना माहीत. अध्यक्षपदाचा फरक चार मतांचा, वादातल्या मतपत्रिका तेरा.

कुणीही बेइमानी केली नव्हती, हे मी दोन्ही गटांतल्या लोकांशी बोलून सांगतो. पण मोजायला बसलेल्या तिघांना कुठली मतपत्रिका कुणाची हे दिसत होतं. मग काय, रात्री अकरापर्यंत भाषणं. एका कागदावर उदारमतवाद, पुढच्या कागदावर शिस्त. निकाल लागला, हरलेल्यांनी मानला नाही, प्रकरण सहायक निबंधकांकडे गेलं. आज त्या गावात दोन गणपती बसतात, वाचनालयाच्या किल्ल्या एका गटाकडे आणि पुस्तकांची नोंदवही दुसऱ्याकडे. ज्या काकूंनी सही केली होती त्यांना "तुमच्यामुळे झालं" असं त्यांच्या तोंडावर बोलणारे निघाले. आधीच परमुलखात आपण मूठभर, पुढची पिढी मराठी वाचत नाही म्हणून आपण इथे उसासे टाकतो, आणि एका फुलीवरून सत्तर वर्षांचा उत्सव दुभंगतो. माझ्या लेखी हे फ्लोरिडाहून लहान नाही. अमेरिकेत निदान चार वर्षांनी पुन्हा मतदान होतं.

म्हणून यंदा आमच्याकडच्या संस्थेने मला निवडणूक अधिकारी व्हाल का विचारलं, तेव्हा मी हो म्हटलं, पण एका अटीवर. बाद-वैध ठरवायचे नियम मी एका पानावर लिहून देतो, दोन्ही पॅनलच्या प्रमुखांनी मतदानाआधी त्यावर सही करायची. मग मी पेटीला हात लावीन.

त्या पानात काय आहे ते थोडक्यात. फुली, बरोबरची खूण, गोल, काहीही चालेल, पण एकाच नावाच्या चौकटीत. रेघेवर गेली तर जास्त भाग जिकडे तिकडचं मत, अगदीच मधोमध असेल तर बाद. एका पदाला जास्त खुणा झाल्या तर त्या पदापुरतं मत बाद, अख्खी मतपत्रिका नाही. संशयित कागद ज्या टेबलावर ठरवायचे तिथे बाकीची मोजणी किती झाली याचा आकडा येऊ द्यायचा नाही. बाद केलेल्या प्रत्येक कागदावर कारण लिहायचं आणि गठ्ठा सहा महिने सांभाळायचा. समसमान मतं पडली तर चिठ्ठी. 2017 ला मुंबई महापालिकेच्या एका प्रभागात चिठ्ठीवर नगरसेवक ठरला, आपण काय त्याहून मोठे?

सहीच्या बाबतीत मी दोन रात्री विचार केला. त्या काकू डोळ्यासमोर होत्या. उदार व्हावंसं वाटत होतं. पण दोनशे सभासदांच्या संस्थेत सही चालते असं एकदा ठरलं, की उद्या कुणीतरी कुणाला सांगणार, "सही करून टाक, म्हणजे मला कळेल तू कुणाला दिलंस." मग गुप्त मतदान कसलं? म्हणून सही असेल तर बाद असंच लिहिलं आहे. पण त्याबरोबर हेही, की मतपत्रिका देताना टेबलावरच्या माणसाने प्रत्येकाला तोंडी सांगायचं, "सही करू नका", आणि वयस्कर मंडळींना दोनदा. नियम कडक ठेवायचा तर तो आधी माणसाच्या कानावर घालायची जबाबदारी आपली. अमेरिकेनेही 2002 साली कायदा करून प्रत्येक राज्याला सांगितलं की मत कशाला म्हणायचं ते आपापल्या राज्यापुरतं एकसारखं ठरवून ठेवा. एवढं रामायण झाल्यावर.

आमच्यातले काही जण म्हणतात, नाना, घरच्या संस्थेत एवढा कागदीपणा कशाला, आपलीच माणसं आहेत. मी त्यांना म्हणतो, आपलीच आहेत म्हणून. परक्याशी भांडण झालं तर तो आपल्या वाटेने जातो. आपल्या माणसाशी झालं तर तो पुढची वीस वर्षं लग्नात दिसतो आणि तोंड फिरवतो.

पान मागच्या सोमवारी दोन्हीकडे पाठवलं. एका पॅनलची सही दुसऱ्या दिवशी आली. दुसऱ्या पॅनलचा तरुण प्रमुख, माझ्या मित्राचाच मुलगा, त्याचा फोन आला. "नानाकाका, ते रेघेचं कलम आहे ना, त्याने आमचं नुकसान तर नाही ना होणार?" मी म्हटलं, "अरे, ते मला माहीत नाही आणि तुलाही माहीत नाही. पेटी उघडल्यावर दोघांनाही कळेल, मग तू सही करणार नाहीस." तो हसला, पण सही काही केली नाही. पॅनलच्या बाकी लोकांना विचारून सांगतो म्हणाला, रविवारपर्यंत वेळ मागितला आहे. त्याचे वडील हे वाचतात, म्हणून इथेही लिहून ठेवतो.